‘जी’ ९.८१ ऐवजी १० धरायला एवढी लाज कसली?

तुळई (धागाकर्ते)
‘जी’ म्हणजे गुरुत्वत्वरण १० घेऊन भार काढला की नवशिके माझ्याकडे असे बघतात, जणू मी उत्तर ढापलं. म्हणून इथेच वाद घालू.

९.८१ आणि १० यांत फरक २ टक्क्यांहूनही कमी. त्याच आकडेमोडीत काँक्रीटचं वजन घनमीटरला कुणी २४ किलोन्यूटन धरतो, कुणी २५. पोलादाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) कुणी २०० गिगापास्कल घेतो, कुणी २१०. वर सुरक्षेसाठी भाराला दीडपट फॅक्टर. एवढं सगळं करून शेवटी ४७.३८२६ किलोन्यूटन लिहिणाऱ्याने नेमकं काय मोजलं? कॅल्क्युलेटरवर दिसलं ते उतरवलं. आणि ९.८१ तरी कुठे सगळीकडे खरं आहे? विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य १९०१ साली परिषदेत बसून ठरवलेलं.

आकडे खुशाल राउंड करा आणि वाचलेलं लक्ष युनिटवर द्या. १९८३ साली एअर कॅनडाच्या एका विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायचं, तिथे १.७७ ने गुणलं. तो आकडा लिटरला पाउंडांचा होता. कागदावर साडेतेरा हजार किलो दिसलं, प्रत्यक्षात होतं जेमतेम ६,२०० किलो. त्या हिशेबाने भरलेलं इंधन वाटेतच संपलं आणि वैमानिकांनी विमान इंजिनांशिवाय कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाने कुणाचं काय भलं केलं?

माझ्याकडे नियम एकच: आत येणारी प्रत्येक गोष्ट मीटर, किलो, सेकंदात आणायची, मगच सूत्राला हात लावायचा.

बेअरिंग
तीव्र असहमत. २ टक्के ‘किती’ हे सांगितलंत, ‘कुठल्या बाजूला’ ते नाही.

वजन हाच भार असेल तर १० घेतल्याने भार वाढतो, ठीक. पण वजनच आधार असेल तर? मोठा जाहिरात फलक वाऱ्याने उलटतो का ते बघताय. वाऱ्याचा जोर थेट न्यूटनमध्ये येतो, त्यात तुमचं ‘जी’ कुठेच नाही. पायाचं वजन मात्र किलोला १० ने गुणून काढलंत. म्हणजे उलटवणारं बल होतं तेवढंच राहिलं आणि धरून ठेवणारं २ टक्क्यांनी फुगलं. पाइलच्या (जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबाच्या) चाचणीतही तेच. १०० टनांचं वजन चढवलं तर भार ९८१ किलोन्यूटन होतो. अहवालात १००० लिहिलंत तर पाइलने जे पेललंच नाही ते तिच्या नावावर लागलं.

तुळई
बेअरिंग, २ टक्क्यांनी उलटणारा फलक मुळात उभाच करू नये. ओव्हरटर्निंगला फॅक्टर असतोच की.

बेअरिंग
असतो, पण वारा अंदाजापेक्षा जास्त निघेल, माती कमकुवत निघेल, गवंड्याने पाया चार बोटं कमी खोदला असेल, यासाठी. तुम्ही दोन कळा दाबायचा कंटाळा केलात यासाठी नाही. शिवाय तो फॅक्टर एकट्या तुमचा नाही. घनतेवाला त्यातून २ टक्के उचलतो, वाऱ्यावाला ३, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे.

शून्य_अंश
तुम्ही दोघं ‘जी’वर भांडताय, पण आमच्या पाइपांत ‘जी’ हा सर्वात निरुपद्रवी आकडा आहे. पाणी ८० अंशांवर घनमीटरला ९७२ किलो भरतं. लोक ९.८१ अगदी निष्ठेने लिहितात आणि शेजारी घनता १००० ठेवतात! ती चूक जवळजवळ ३ टक्के.

त्याहून वाईट म्हणजे गेजचा दाब (हवेच्या दाबाच्या वरचा) आणि निरपेक्ष दाब (हवेचा धरून एकूण) यांतली गल्लत. गेजवर ६ बार म्हणजे निरपेक्ष ७ बार. तेच ६ वायूच्या सूत्रात घातले की घनता १४ टक्के कमी येते. युनिट दोन्हीकडे बारच, त्यामुळे तुळईंचा युनिटचा नियम इथे काही पकडत नाही.

आणि वजाबाकी असेल तिथे राउंड करायचंच नाही. पाणी ४१.६ अंशांवर आत गेलं, ४०.२ वर बाहेर आलं: फरक १.४. कुणी सुटसुटीत म्हणून ४२ आणि ४० लिहिलं तर फरक २, म्हणजे उष्णता ४३ टक्के जास्त. मूळ आकड्यांतला बदल १ टक्काही नव्हता.

जाळीकाम
मीटरच्या हट्टाला माझा विरोध. यंत्रभागांची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतात, ताण न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये बघायची सवय असते आणि तोच मेगापास्कल. मीटरमध्ये नेलं की शून्यांची रांग लागते, चूक तिथेच लपते.

पण मिमी आणि न्यूटन निवडले की वस्तुमान टनांत जातं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. पोलादाची घनता घन मिमीला ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात टन. किलोच्या सवयीने उणे सहावा लिहिला तर घनता हजारपट होते आणि कंपनांची वारंवारता सुमारे ३२ पट कमी येते. गंमत अशी की बाहेरून लावलेल्या भाराचे ताण मात्र बरोबर येतात, त्यामुळे शंकाच येत नाही.

घड्याळजी
१९९१ चं सौदी अरेबियातलं धहरान आठवा. पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेत ०.१ सेकंद हा आकडा २४ बिटांत तोडून ठेवला होता. दर ठोक्याला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. यंत्रणा सलग १०० तास चालू राहिली, चूक साठत ०.३४ सेकंद झाली, स्कड क्षेपणास्त्र निसटलं, २८ सैनिक गेले. सगळी युनिट बरोबर होती, तुळई.

तुळई
घड्याळजी, ती चूक छत्तीस लाख वेळा साठली. मी एकदाच गुणतो. शून्य_अंश यांचा वजाबाकीचा मुद्दा मात्र मान्य. बेअरिंगचाही अर्धा: वजन आधार देत असेल तिथे ९.८१, भार असेल तिथे १०.

बेअरिंग
म्हणजे आता दर वेळी आधी ठरवायचं, हे वजन आपल्या बाजूचं की विरुद्ध! एकाच पायाचं वजन उलटण्याच्या तपासणीत आधार असतं आणि मातीवरच्या दाबात भार. एकाच शीटमध्ये दोन ‘जी’ ठेवणार? त्यापेक्षा सरळ ९.८१ लिहा ना.

तुळई
आणि तुम्ही सळईचं मीटरला किलोतलं वजन कसं काढता हो? मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. खरा भाजक १६२.२ आहे.

बेअरिंग
ती चूक ०.१२ टक्के. तुमच्या चुकीचा सोळावा हिस्सा.

तुळई
आणि सळईच्या वजनात काही टक्के कमीजास्त तर मानकंच चालवून घेतात. मग तुमच्या ०.१२ चं काय करायचं?