रोम: साडेतीन दिवस, सोबत आई-बाबा, शुद्ध शाकाहारी. जाणकारांनी सल्ला द्यावा

चाफेकळी
ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघे रोमला जातोय. गुरुवारी दुपारी उतरणार, रविवारी रात्री परत. आई ६६, बाबा ७२. बाबांचा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर किलोमीटरभर चालतात, जिने नकोत. अंडंही चालत नाही. कलोसियम, व्हॅटिकन आणि पँथिऑन एवढं नक्की. क्रम कसा लावावा आणि जेवायचं काय?

मुसाफिर_७
आधी वार बघा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी व्हॅटिकन संग्रहालय फुकट असतं, आणि म्हणूनच त्या दिवशी तिकडे फिरकू नका. त्याच रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे जातात आणि तेव्हापासून कलोसियम दुपारी साडेचारलाच बंद होतं, शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी. म्हणून शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी कलोसियम, रविवारी गावातले चौक.

शुक्रवारी सकाळी सातलाच सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, गाठा. प्रवेशाला पैसे नाहीत, रांग असते ती सामान तपासणीची, आणि ती उन्हाबरोबर वाढत जाते. मग निवांत न्याहारी करून संग्रहालयाचं दहाचं तिकीट ठेवा. बॅसिलिकेपासून संग्रहालयाचं दार तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नकाशात दोन्ही खेटून दिसतात, तिथेच लोक फसतात. उलटा क्रम लावणाऱ्यांची सगळी भिस्त संग्रहालयातल्या सिस्टिन चॅपलमधून (रंगवलेल्या छताचं प्रार्थनागृह) बॅसिलिकेत उतरणाऱ्या दारावर असते. ते दार गाइडबरोबरच्या गटांसाठी आहे. अडवलं की आख्खा वळसा पायी.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. बॅसिलिकेच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि वरच्या टप्प्यात भिंतच तिरकी होते. बाबांचं तिकीट काढूच नका. संग्रहालयात मात्र ओळखपत्र ठेवून चाकाची खुर्ची मिळते, संकोच न करता घ्या. सिस्टिन चॅपलच्या भिंतींलगत बाकडी आहेत. जागा रिकामी झाली की आधी बसा, मग वर बघा.

खडीसाखर
कलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरो, २४ तास चालतं, त्यातच शेजारचे प्राचीन रोमचे अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडी. तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात, तेव्हा पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. 'आई' 'बाबा' असं गमतीत सेव्ह केलेलं नाव आपोआप भरलं जात नाही ना, तेवढं बघा!

कलोसियममध्ये लिफ्ट आहे. खरी अडचण फोरमची. तिथले रस्ते म्हणजे मोठमोठे काळे बसाल्टचे धोंडे, मधे बोटभर ते चार बोटं फटी, आणि पावसानंतर गुळगुळीत. त्यापेक्षा बाबांना कॅपिटोलिन टेकडीवर न्या. चढ मायकेलअँजेलोने आखलेल्या रुंद, बुटक्या टप्प्यांच्या उतरणीचा आहे, किंवा टॅक्सीने वर जा. महापौरांच्या वाड्याच्या मागच्या कठड्यावरून आख्खा फोरम खाली दिसतो, तोही फुकट.

रेल्वेवेडा
विमानतळावरून थेट तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस माणशी १४ युरो, ३२ मिनिटं. चौघांचे ५६ झाले. जुन्या तटबंदीच्या आत हॉटेल असेल तर अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा ठरलेला दर ५५, आणि तो गाडीचा आहे, डोक्यामागे नाही. तुमचा हिशेब इथेच संपला. बसण्याआधी 'फिक्स' ना, एवढं विचारून घ्या. आत येऊन 'टॅक्सी?' विचारणाऱ्यांकडे बघूही नका.

मेट्रो-बसचं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं. बँक कार्ड टेकवूनही चालतं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. एकच चौघांसाठी टेकवाल तर तीन जण विनातिकीट. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात.

गुळपोळी
खाण्याचं सांगते. बिनअंड्याचं हवं तर ताजा पास्ता टाळा. फेत्तुचिनेत अंडं असतंच, न्योक्कीतही बहुधा असतं. स्पॅगेटी, रिगातोनी हे सुके प्रकार रवा आणि पाण्याचे. कार्बोनारा आणि अमात्रिचाना दोन्हीत डुकराचं मांस. काचो ए पेपे म्हणजे नुसतं चीज-मिरी, दिसायला बिनधोक. पण पेकोरिनो चीज कोकराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणाने) विरजतात, पार्मेझान वासराच्या. घरी हे चालत नसेल तर 'पिझ्झा मारिनारा' मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाही, आणि नाव दर्याचं असलं तरी मासा नाही.

भोपळ्याच्या फुलांची भजी बघून हरखू नका, आत अँचोव्ही नावाचा छोटा मासा दडलेला असतो. सुप्लीच्या भाताच्या वड्यात बऱ्याचदा खिमा. 'चिकोरिया रिपासाता' मात्र जरूर मागवा: कडसर पालेभाजी, लसूण-मिरचीवर परतलेली. पोळी तेवढी कमी पडेल. आटिचोकचा खरा हंगाम हिवाळा सरता सरता. ऑक्टोबरात कुणी कौतुकाने वाढलं तर फार आशा नको.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही. बाबा लवकर जेवत असतील तर वजनावर मिळणारा पिझ्झा घ्या. हाताने लांबी दाखवायची, ते कात्रीने कापून देतात.

नीरा
पँथिऑनला तिकीट आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची, दोन्ही ४३.३ मीटर. वरचं भोक उघडंच, पाऊस आत पडतो. मधली फरशी किंचित फुगीर आहे आणि तिला पाणी जायला भोकं पाडलीत. पाऊस आला तर छत्री घेऊन मुद्दाम जा. तिथून दोन मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्योची तीन चित्रं, बिनतिकीट. दिव्याच्या पेटीत नाणं टाकलं की उजेड, थोड्या वेळाने अंधार. सुटी नाणी ठेवा. बरीच चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चार बंद असतात.

स्पॅनिश स्टेप्सवर बसलात तर दंड होतो, दमलेल्या माणसालाही.

चाफेकळी
शतशः आभार! टॅक्सीचा हिशेब बाबांना फार आवडला. पाण्याचं काय? बाटल्या विकत घ्यायच्या का?

खडीसाखर
नको. चौकाचौकात 'नासोने' नावाचे लोखंडी नळ आहेत, चोवीस तास वाहते, पाणी पिण्याचंच. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, वाकावं लागत नाही. पहिल्यांदा हळू दाबा, नाहीतर चष्मा धुऊन निघतो.