विषय: डॉक्टरांसाठी मेडिकल लॉचं एलएलएम

शलाका:
नमस्कार मंडळी, माझी मावसबहीण एमबीबीएस आहे, सध्या इंग्लंडमध्ये डिपेंडंट व्हिसावर आहे. मेडिकल लॉमध्ये मास्टर्स करायचा विचार आहे. एलएलबी नाही, चालेल का? आणि पुढे उपयोग काय?

मंजिरी:
शलाका, एलएलबी नसली तरी चालतं. बरीच विद्यापीठं डॉक्टर-नर्सना थेट घेतात. पदवीला कुठे एलएलएम म्हणतात, कुठे एमए. एकूण १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० प्रबंधाचे. पूर्णवेळ एक वर्ष, अर्धवेळ दोन. फीची चौकशी आधी कर, कारण डिपेंडंट व्हिसावर सहसा परदेशी विद्यार्थ्यांचीच फी पडते.

या पदवीवर वकिली मात्र करता येत नाही, हे तिला आत्ताच सांग. इथे सॉलिसिटर (वकील) व्हायला एसक्यूई या पात्रता परीक्षेचे दोन्ही टप्पे आणि कायद्याच्या कामाचा दोन वर्षांचा पात्र अनुभव लागतो. भारतात परतून कोर्टात उभं राहायचं तर तिथे मान्य असलेली एलएलबी आणि बार कौन्सिलची सनद हवीच. पदवी कामी येते ती हॉस्पिटलच्या क्लेम्स (भरपाईचे दावे) विभागात, दाव्यांत डॉक्टरांची बाजू सांभाळणाऱ्या डिफेन्स संस्थांमध्ये, एथिक्स कमिटीवर.

अभ्यासात डॉक्टर अडखळतात ते प्रॉब्लेम क्वेश्चनमध्ये, म्हणजे एखादी घटना देऊन तिला कायदा लावायला सांगणाऱ्या प्रश्नात. केस वाचली की पेन आपोआप उपचाराकडे वळतं: निदान बरोबर होतं का, सिझेरियन करायला हवं होतं का. परीक्षकाला हवं असतं ते वेगळं: कर्तव्य होतं का, ते मोडलं का, नुकसान त्यामुळेच झालं का. प्रत्येक पायरीला आधार म्हणून कोर्टाचा निकाल आणि त्यातला परिच्छेद क्रमांक.

रुग्णाला धोका सांगण्याबद्दलचा 'माँटगोमेरी' निकालच घ्या (२०१५, यूके सुप्रीम कोर्ट). आई मधुमेही, बुटकी. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के. डॉक्टरांनी ती सांगितली नाही, कारण त्यातून गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी आणि सांगितलं तर बायका सिझेरियन मागतील, अशी त्यांची धारणा. 'बोलम' (१९५७) हा जुना निकाल लावला तर प्रश्न पडतो, बाकीच्या जबाबदार डॉक्टरांनी काय केलं असतं? 'माँटगोमेरी'चा परिच्छेद ८७ विचारतो, या बाईच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला हा धोका महत्त्वाचा वाटला असता का, किंवा या बाईला तो वाटेल हे डॉक्टरांना कळायला हवं होतं का? धोक्याची टक्केवारी तीच राहते, पण तिचं वजन कोण ठरवतं हे बदलतं. मात्र त्यानंतरचा 'मॅककलॉक' (२०२३) निकाल विसरलात तर उत्तर अर्धं राहतं: कोणते पर्याय वाजवी, हे पुन्हा डॉक्टरांच्या मतानेच ठरतं.

अभिजित:
मंजिरीताई, एक जोडतो. प्रबंधाला भारताशी तुलना घ्यायची असेल तर 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' (२००८) सोडू नका. संमती लॅपरोस्कोपीची (दुर्बिणीतून पोटाची तपासणी आणि शस्त्रक्रिया) होती, गर्भाशय काढण्याची नव्हती. रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आणि सक्षम, आणीबाणी नव्हती, तेव्हा आईची संमती ग्राह्य नाही. भरपाई २५,००० रुपये. पण किती माहिती द्यायची, या प्रश्नावर कोर्टाने 'बोलम'च्या वळणाचीच कसोटी ठेवली. आपल्याकडे संमतीपत्रावर नातेवाइकांची सही घ्यायची पद्धत इतकी अंगवळणी पडलीय की हा निकाल प्रत्येक डॉक्टरने मुळातून वाचायला हवा.

विषय मात्र 'भारत आणि इंग्लंडमधील संमती' असा घेऊ नका. १२-१५ हजार शब्दांत तो मावत नाही आणि मार्गदर्शक पहिल्याच भेटीत परत पाठवतात. 'भुलीखाली शस्त्रक्रियेची व्याप्ती वाढवणे' एवढाच घ्या.

मंजिरी:
अगदी बरोबर. शिवाय संदर्भ ऑस्कोला (कायद्याच्या लेखनात वापरली जाणारी तळटीपांची पद्धत) पद्धतीने द्यायचे असतील तर तळटीपा पहिल्या मसुद्यापासूनच लिहा. शब्दमर्यादेत तळटीपा धरतात की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. हँडबुकमध्ये आधी पाहा. ब्रिटनचे निकाल 'बेली'च्या (BAILII) साइटवर फुकट मिळतात, म्हणजे प्रवेशाआधी 'माँटगोमेरी' पूर्ण वाचायला हरकत नाही. सारांश नको, निकालच.