घोट्यापुरता की नडगीपर्यंत? रोजच्या रायडिंगसाठी बूट कोणता घ्यावा

वळणवेडी

गेल्या महिन्यात एका वळणावर बारीक खडी पसरली होती. वेग फार तर ताशी वीस-पंचवीस. पुढचं चाक निसटलं, गाडी डावीकडे आडवी झाली आणि माझा डावा पाय तिच्याखाली. दोघांनी येऊन गाडी उचलेपर्यंत तो तसाच अडकलेला. घरी बूट काढून पाहिला तर बाहेरच्या घोट्यावरचं चामडं पार खरवडलेलं, आतली कडक वाटी उघडी पडलेली. घोट्याला मात्र साधं खरचटलंही नव्हतं.

हा बूट घोट्याच्या वर जेमतेम चार बोटं येतो. नडगीपर्यंतचे उंच टूरिंग बूटही माझ्याकडे आहेत, पण त्या दिवशी ते कपाटात होते. पोटरीला आवळतात, टाचेला चावतात, कामाच्या ठिकाणी दिवसभर घालून वावरता येत नाही. मग "जवळच तर जायचंय" म्हणत हात दुसऱ्या जोडीकडे जातो. त्यामुळे माझं मत असं झालंय की बूट घेताना आराम आधी बघावा. घोट्याला वाटी, टाचेला कडक कप आणि मधे न मुडपणारा सोल एवढं असलं की उंचीवर अडून बसू नये. पटत नसेल तर जरूर लिहा, मला ऐकायचं आहे.

लांबपल्ला

नाही पटलं. तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं, पण एकदा पडून वाचलात त्यावरून नियम काढू नका. गाडी आडवी होते तेव्हा घोट्यावर नुसता मार बसत नाही, तो पिळवटला जातो. पंजा गाडीखाली अडकतो आणि गाडी मात्र घसरत राहते. तिथे चार बोटांचा बूट कशाला धरून ठेवणार? पाऊल आणि नडगी एका रेषेत राहायला वरपर्यंत पकड लागते.

मी ट्रेकिंगच्या बुटांवर गाडी चालवायचो. पडलो तेव्हा घोटा शाबूत राहिला आणि फूटरेस्ट थेट नडगीवर बसला. हाडाला चीर, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून भाजी आणायलाही उंच बूट घालूनच निघतो. तुमचे चावतात म्हणता, पण आजवर वापरलेत किती वेळा? जाड चामडं पायाला सरावायला वेळ लागतोच.

वळणवेडी

आठ महिन्यांत फार तर दहा-अकरा वेळा. म्हणजे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, सराव मी होऊच दिला नाही. पण जो बूट सरावायलाच महिने घेतो, तो तोवर माझ्या पायात नसतो. माझी अडचण तीच आहे.

पाना-पक्कड

दोघंही उगाच खोलात शिरताय. मी कामावर घालतो तेच सेफ्टी शूज गाडीवर वापरतो. पुढे स्टीलची टोपी, २०० ज्यूलचा मार सोसते, तळ तेलावर घसरत नाही, दिवसभर पायात. आणखी काय हवं?

टाकादोरा

मी पादत्राणं बनवण्याच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सेफ्टी शूजची २०० ज्यूलची चाचणी खरी आहे, पण ती वरून बोटांवर पडणाऱ्या वजनाची. गाडीवरून पडताना बोटांवर वरून काही पडतंच असं नाही. पाय रस्त्यावर घासतो, घोटा आपटतो, तळवा गाडी आणि जमिनीच्या मधे आडवा दाबला जातो. साध्या सेफ्टी शूजमध्ये घोट्याला वाटी नसते आणि ती फुगीर टोपी गियर लिव्हरखाली नीट जातही नाही. स्टीलच्या टोपीने बोटं कापली जातात ही गोष्ट मात्र वाढवून सांगितलेली आहे, त्या भीतीने कुणी निर्णय घेऊ नये.

मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे वेगळं युरोपीय मानक आहे. २०१७च्या आवृत्तीप्रमाणे बुटाच्या आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा घासलं जाण्याला टिकण्याचा, तिसरा धारदार वस्तूने कापलं जाण्याचा, चौथा तळवा आडवा दाबला गेला तर सोल किती तग धरतो त्याचा. शेजारी आयपीए लिहिलं असेल तर घोट्याचं संरक्षक तपासलेलं आहे, आयपीएस असेल तर नडगीचं. डब्ल्यूआर म्हणजे पाणी अडवण्याची चाचणी झालेली.

महत्त्वाचं हे की उंची आणि मजबुती हे वेगवेगळे आकडे आहेत. आखूड बुटाला पहिला १ आणि पुढचे तिन्ही २ मिळू शकतात. उलट उंच, दणकट दिसणाऱ्या बुटात हे लेबलच नसेल, असंही होतं.

वळणवेडी

आत्ता टॉर्च लावून पाहिलं. अक्षरं निम्मी पुसलीत, पण १ २ २ २ आणि खाली आयपीए. म्हणजे त्या दिवशी नुसतं नशीब नव्हतं.

लांबपल्ला

माहिती छान, पण या चार आकड्यांत घोटा पिळवटण्याचा आकडा कुठे आहे? चौथा आकडा तळवा चेपला जाण्याचा आहे, पिळाचा नाही. माझा मुद्दा तिथेच आहे. दोन्ही बाजूंना बिजागरीसारखा सांधा असलेला उंच बूट पुढेमागे वाकू देतो आणि आडवं वळणं थोपवतो. आखूड बुटाला हे जमण्यासारखं नाही, तिथे धरायला जागाच नसते.

टाकादोरा

बरोबर आहे, तो आकडा लेबलवर नसतो. दुकानात हाताने बघायचं. एका हातात टाच, दुसऱ्यात पंजा धरून बूट धुणं पिळल्यासारखा पिळा. सहज वळला तर ठेवून द्या. मग टाचेचा कप दोन बोटांनी दाबा, तो आत जाता कामा नये. लेस असतील तर त्या झाकणारी पट्टी हवी. लोंबणारी लेस गियर लिव्हरला अडकली की थांबल्यावर पाय खाली टेकत नाही.

ओलीचिंब

पावसाचं कुणीच बोललं नाही. वॉटरप्रूफ बूट घेतला, आतून पाणी. नंतर कळलं की पँट मी बुटात खोचत होते, पाणी पायावरून ओघळून वरूनच आत. पाणी न येऊ देणारं अस्तर ते बाहेरही जाऊ देत नाही, बूट बादलीसारखा भरतो. तेव्हापासून रेनपँट बुटाच्या बाहेरून. आणि ओला बूट हीटरपुढे ठेवू नका, चामडं तडकतं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोनदा बदलले की सकाळपर्यंत पुष्कळ सुकतो.

जुनीगाडी

वळणवेडी, कपाटातल्या बुटांबद्दल एक सांगतो. मीही एक जोड "मोठ्या ट्रिपला" म्हणून जपून ठेवला होता. सहा वर्षांनी काढला, वरून नव्यासारखा. पहिल्या पेट्रोल पंपावर पाय टेकला आणि सोल खरवसाच्या वडीसारखा तुटून हातात आला. पॉलीयुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वापरा किंवा न वापरा. ठेवून टिकत नाही.

आणि चावण्याचा एक भाग बूट नसून गाडी असते. उंच बुटाचा पंजा जाड, लिव्हर मात्र आधीच्या पातळ बुटाच्या मापाने लावलेला. मग प्रत्येक गियरला घोटा वाकडा करून पाय घुसवावा लागतो आणि दुखणं बुटाच्या माथी. लिव्हर दांडीने जोडलेला असेल तर दोन्ही लॉकनट सैल करून दांडी थोडी फिरवा, लिव्हर बोटभर वर येईल. बहुतेक गाड्यांत एका टोकाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघून घ्या. मागचा ब्रेकही त्याच मापाने वर घ्या.

लांबपल्ला

हे लिव्हरचं माझ्याही लक्षात नव्हतं आलं. वळणवेडी, एवढं तरी मान्य करतो की रोजच्या आत-बाहेरला तुमचा १ २ २ २ ट्रेकिंगच्या बुटापेक्षा कितीतरी बरा. पण दिवसाचे तीनशे किलोमीटर करणार असाल तर उंचच घाला. तिथे मी मागे हटणार नाही.

वळणवेडी

लांबच्या फेरीपुरतं मान्य. रोजच्या बुटाबद्दल माझं मत तेच आहे. उंच जोडाचा सोल आत्ता अंगठ्याने दाबून पाहिला, अजून शाबूत आहे. आजपासून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, जाड मोजे घालून अर्धा तास घरात फिरणार. पोटरीची वेल्क्रो पट्टी एक बोट सैल केली तर चेन वरपर्यंत लागते, हेही आत्ताच कळलं. रविवारी लिव्हर. टाकादोरा, टाचेला आतून चावतं तिथे शिवण जाड आहे, ती ठोकून बसवता येते का?

टाकादोरा

येते. पण आतली वाटी कुठे संपते ते आधी बोटाने चाचपून घ्या, तिच्यावर घाव पडू देऊ नका. त्या जागेचा फोटो टाका, मग नक्की सांगतो.