सेकंडहँड केमन एस: पीएएसएमवाल्या गाडीला अडीच हजार युरो जास्त मोजावेत का?

सिंडेलफिंगनकर
मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. स्टुटगार्टजवळ राहतो, नऊ वर्षं झाली इथे, आणि आता एकदाची घरातून परवानगी मिळालीये (लेखी नाही, पण मिळालीये). पोर्शे केमन एस घ्यायचीये, ९८१ जनरेशनची, ३.४ लिटर सहा सिलिंडरवाली. नंतरच्या ७१८ मधे चार सिलिंडर टर्बो आला, त्याचा आवाज मला काही झेपत नाही, पण तो विषय वेगळा.

दोन गाड्या नक्की केल्यात. दोन्ही २०१४ च्या, दोन्ही मॅन्युअल, किलोमीटर नव्वद हजाराच्या आसपास, बाकीचे ऑप्शन पण जवळपास सारखे. एकीला पीएएसएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक ॲडजस्ट होणारं सस्पेन्शन आहे आणि ती अडीच हजार युरोने महाग, दुसरीला साधं स्टँडर्ड. विकणारा म्हणतो ॲक्टिव्ह सस्पेन्शन नसेल तर ही गाडी पुढे विकताना कुणी विचारणार नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो इतक्या जुन्या गाडीत जेवढी वायर कमी तेवढी डोकेदुखी कमी.

माझा वापर म्हणाल तर रोज ऑफिस १८ किमी, रविवारी श्वेबिश आल्बचे वळणाचे रस्ते, कधीतरी ब्लॅक फॉरेस्टची बी५००, आणि वर्षातून एकदा नॉर्डश्लाइफेवर (न्युर्बुर्गरिंगचा जुना रेस ट्रॅक) दोन राउंड मारायची इच्छा. अजून एक, आमच्या घरासमोरची गल्ली दगडी फरशीची आहे, साधारण दोनशे मीटर, आणि बायकोला पाठीचा त्रास आहे. तिला ती दोनशे मीटर आवडली नाहीत तर गाडी परत जाणार हे मी गृहीत धरलंय. सांगा काय करू.

पेठेतला_पेट्रोल्या
दादा आधी अभिनंदन. आमच्याकडे पुण्यात असल्या गाड्यांचा प्रश्न एकच, स्पीडब्रेकरवर पोट घासतं का नाही. माझं मत, पैसे घालायचेच तर फ्रंट लिफ्टमधे घाला. ९११ ला ते मिळतं, बटण दाबलं की नाक साधारण ४० मिमी वर उचललं जातं. पीएएसएमने गाडी उलट १० मिमी खाली बसते असं वाचलंय, म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घ्यायचा. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा ब्रेकर बघून तर वॉचमनसुद्धा सायकलवरून उतरतो.

सिंडेलफिंगनकर
हाहा, पण दादा इथे स्पीडब्रेकर फारसे नाहीत हो, आणि आमच्या पार्किंगचा उतार साधा आहे. १० मिमीचं टेन्शन नाही.

डॅम्परवाला
मी याच धंद्यात आहे, तुझ्यापासून फार लांब नाही, कंपनीचं नाव सोड. थोडं लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे नावावर जाऊ नकोस. पीएएसएममधला 'ए' ॲक्टिव्हचा असला तरी आम्ही त्याला सेमी-ॲक्टिव्हच म्हणतो. खऱ्या ॲक्टिव्हमधे पंप नाहीतर मोटर बाहेरून ताकद घालते आणि चाकाला स्वतः वर-खाली ढकलते. इथे तसं काही नाहीये, स्प्रिंग साधी लोखंडी, शॉकअपमधे तेलच, फक्त तेल ज्या वाटेने पळतं ती वाट एक व्हॉल्व अरुंद किंवा रुंद करतो. सायकलला हवा भरायचा पंप घे, तोंडावर बोट घट्ट धरून दांडा दाब, जड जातो, बोट सैल सोड, हलका जातो. झालं, हेच पीएएसएम. फक्त बोट कॉम्प्युटरचं आहे आणि मिलिसेकंदांत हलतं.

खरं ॲक्टिव्ह म्हणजे १९९२ ची फॉर्म्युला वनमधली विल्यम्स एफडब्ल्यू१४बी. मॅन्सेलने त्या सीझनला ९ रेस मारल्या, चॅम्पियन झाला, आणि १९९४ पासून ते प्रकरण नियमातून बादच केलं. त्याच्याही आधी १९८७ ला सेनाने ॲक्टिव्ह सस्पेन्शनच्या लोटस ९९टी मधून मोनॅको जिंकलेलं. रस्त्यावरच्या गाड्यांत बघायचं तर पोर्शेचंच पीडीसीसी, त्यात अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारे दांडे, हायड्रॉलिक्सने पिळतात, ते ९११ ला मिळतं, तुझ्या केमनला कधी आलंच नाही. आणि २०२४ पासून पानामेराच्या हायब्रिड मॉडेलना जे ॲक्टिव्ह राइड देतात त्यात दार उघडलं की गाडी पाहुणे आल्यासारखी उठून उभी राहते. त्या जातीचं काहीही तू विकत घेत नाहीयेस, आणि सेकंडहँडमधे ही चांगलीच गोष्ट आहे, कारण बिघडायला पंप नाही, पाइप नाहीत, हायड्रॉलिक तेल नाही.

आता कामाचं. लोकांना वाटतं पीएएसएम स्पोर्टमधे टाकलं की गाडी वळणावर कलत नाही. लांब वळणात गाडी शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात, शॉकअप फक्त ठरवतो की तिथपर्यंत किती झटकन पोचणार. म्हणून स्पोर्टमधे स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी चपळ वाटते, एस-वळणात तर खूपच, पण हायवेच्या गोल रॅम्पवर दोन्ही मोडमधे जवळपास तेवढीच झुकेल. खरा फायदा कुठे होतो तर नॉर्मल मोडमधे. साध्या शॉकअपला एकाच सेटिंगमधे फरशी पण सांभाळायची आणि १६० ला लेन बदलणं पण सांभाळायचं, तो कुठेतरी मधे तडजोड करतो. पीएएसएमला ती तडजोड कमी करावी लागते. तुझ्या त्या दोनशे मीटरसाठी मी ते घेईन, नॉर्डश्लाइफेसाठी नाही. आणि तिथे गेलास तर स्पोर्ट बंदच ठेव. तो ट्रॅक २०.८ किमीचा, उंचवटे इतके की कडक शॉकअपवर चाक रस्त्यावर टिकतच नाही, नाचतं. इंजिन स्पोर्टमधे आणि शॉकअप नॉर्मलमधे असं करता येतं, आधी स्पोर्ट बटण दाब, मग शॉकअपचं चित्र असलेल्या बटणाचा दिवा लागलेला असेल तर ते दाबून तो घालव.

आणि एक राहिलंच. टायर बघ! साइडवॉलवर चार आकडे असतात, ३११६ म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा. टायर म्हातारे असतील तर तू सस्पेन्शन नाही, दगड टेस्ट करतोयस. १९ इंची चाकं आणि २० इंची चाकं यांच्यातसुद्धा फरशीवर बराच फरक लागतो, साइडवॉल पातळ होते ना.

हलकं_ते_भारी
डॅम्परवाला साहेबांचा मान राखून, मला हे सगळं चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला वाटतं. गाडी मुळात हलकी आणि नीट सेट केलेली असली की बटण लागत नाही. अल्पिन ए११० बघा, २०१७ ला आली, ११०० किलोच्या आसपास, साधे शॉकअप, आतमधे हायड्रॉलिक बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटचा धक्का झेलणारा), आणि बटणाने ॲडजस्ट होणाऱ्याचा ऑप्शनच ठेवला नाही. खराब रस्त्यावर ती जशी चालते तशा दुप्पट किमतीच्या गाड्या चालत नाहीत, मी मित्राची दोन दिवस चालवलीये. लोटसने एमिराला पण बटण दिलं नाही, बुक करतानाच टूर का स्पोर्ट काय ते सांगा, मग मरेपर्यंत तेच. मला हे आवडतं, इंजिनिअरने जबाबदारी घेतलीये, ती माझ्या बोटावर ढकललेली नाही. मोड बदलत बसणारा माणूस रस्ता कधी बघणार?

आणि ९८१ ला एक तिसरा प्रकार पण आहे, एक्स७३ नावाचं साधं स्पोर्ट सस्पेन्शन, २० मिमी खाली. मिळाली तशी तर बघ.

डॅम्परवाला
अल्पिनबद्दल शंभर टक्के मान्य, पण केमन एस १३२० किलोची आहे आणि तो अल्पिन विचारत नाहीये. एक्स७३ सुंदर आहे, ट्रॅकला जाणाऱ्याला. फरशीच्या गल्लीत आणि पाठदुखीवर एक्स७३ म्हणजे लाल डब्यात मागच्या सीटवर बसून गावाला जाणं. घटस्फोटाचा खर्च अडीच हजारात बसणार नाही.

मिशिगनची_माई
मी मधे बोलले तर चालेल ना, इथे सगळे पुरुषच दिसतायत. आमच्याकडे कॉर्वेट सी७ आहे, झेड५१, मॅग्नेटिक राइडवाली. घेतली नवऱ्याने, चालवते मी. त्यात शॉकअपच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात, पिस्टनमधल्या कॉइलमधून करंट सोडला की तेल घट्ट होतं, व्हॉल्व वगैरे हलायची भानगडच नाही. कंपनी सांगते सेकंदाला १००० वेळा बदलतं, मी मोजायला गेले नाही. २००२ ला कॅडिलॅक सेव्हिलमधे हे पहिल्यांदा आलं, म्हणजे मुळात आजोबांच्या गाडीतलं आहे, रेसमधलं नाही, आणि मला तेच त्याचं गुपित वाटतं.

आमच्याकडे थंडीत रस्त्यात पाणी मुरतं, गोठतं, फुगतं, आणि मार्चमधे डांबर उखडून खड्डेच खड्डे. एप्रिलमधे मीठ धुवून गेलं की आम्ही गाडी बाहेर काढतो. टूर मोडमधे मी सासूबाईंना देवळात घेऊन जाते, पाऊण तासाचा रस्ता, मांडीवर प्रसादाचा डबा, शिरा जागचा हलत नाही. एकदा लेकाने गुपचूप ट्रॅक मोडवर टाकलं, पहिल्याच जॉइंटला सासूबाई म्हणाल्या, अगं पंक्चर झालं वाटतं. तर दादा, तुम्ही नाही, वहिनींना शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या. आणि बोलू नका, नुसतं त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

एकदा_पोळलेला
सगळ्यांनी गुणगान केलं आता बिलाचं बोलू. माझ्याकडे आधी एक गाडी होती, नाव घेत नाही, खरंखुरं हायड्रॉलिक ॲक्टिव्ह सस्पेन्शन, डॅम्परवाला म्हणतात तसं पंप, पाइप, सगळं. चालवायला स्वर्ग, वळणावर ग्लासातलं पाणी हलत नसे. मग एका सकाळी खाली आलो तर गाडी एका बाजूला बसलेली, म्हैस बसते तशी, चाकं कमानीत घुसलेली, आणि खाली हिरव्या तेलाचं थारोळं. एक पाइप बदलला, पुढच्या वर्षी दुसरा, मग पंप. दोन वर्षांत जेवढा खर्च झाला तेवढ्यात मला एक बरी सेकंडहँड हॅचबॅक आली असती.

पीएएसएम तसं नाही हे मान्य, पण शॉकअप तो शॉकअपच, नव्वद हजार किलोमीटरनंतर कुठल्याही कंपनीचा थकतो. साधा थकला तर स्वस्तात बदलतो, इलेक्ट्रॉनिक थकला तर चारही मिळून चार आकडी बिल आणि पहिला आकडा एक असेलच असं नाही. मी असतो तर त्याला एकच प्रश्न विचारला असता, शॉकअप बदललेत का, बिल दाखव. बदलले असतील तर अडीच हजार फुकटच्या भावात आहेत. ओरिजिनलच असतील तर ते अडीच हजार तू त्याला नाही, त्याने तुला द्यायला पाहिजेत.

सिंडेलफिंगनकर
वा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारतो, समजा पीएएसएमवाली घेतली आणि नंतर शॉकअप गेले, तर साधे टाकता येतात का?

डॅम्परवाला
येतात, पण जर्मनीत उगाच जीवाला घोर. नुसता कनेक्टर काढलास तर डॅशबोर्डवर एरर, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सला गप्प करणारा वेगळा किट मिळतो तो लावायचा, वर पार्टचे कागद घेऊन टीयूव्हीकडे (गाड्या तपासणारी संस्था) नोंद करायची. त्यापेक्षा बिलस्टाइन कंपनीचे डॅम्पट्रॉनिक शॉकअप बघ, ते पीएएसएमच्याच वायरला जोडले जातात, बटण चालू राहतं. स्वस्त नाहीत, पण घोळ नाही. पोळलेल्या भाऊंचा मुद्दा बरोबर आहे, तेच सगळ्यात आधी विचार.

सिंडेलफिंगनकर
अपडेट देतो. काल दोन्ही चालवल्या, माईंचं ऐकून बायकोला घेऊन गेलो.

आधी साधी. २० इंची चाकं, मागचे टायर २०१६ चे निघाले. फरशीच्या गल्लीत घातली तर आरशात मागची गाडीच दिसेना, नुसती थरथर. बायको काही बोलली नाही पण पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मग पीएएसएमवाली. १९ इंची, टायर दोन वर्षांचे. त्याच गल्लीत नॉर्मलमधे आवाज येतो, खालून टकटक कळते, पण अंगाला लागत नाही. मधेच मी स्पोर्ट दाबलं, तिने माझ्याकडे बघितलं, मी परत नॉर्मल केलं. आता यात पीएएसएमचा वाटा किती, चाकांचा किती आणि टायरचा किती हे मला खरंच सांगता येणार नाही, डॅम्परवाला दादा तुम्ही आधीच सांगितलं होतंत. एक मात्र, आल्बच्या चढावर एका एस-वळणात स्पोर्टमधे जे वाटलं ते मी इथे लिहिणार नाही, बायको पण हे वाचते.

तर वाईट बातमी. शॉकअपची बिलं मागितली, नाहीत, म्हणजे ओरिजिनल. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तर मागच्या डावीकडच्या शॉकअपवर ओलसर धूळ चिकटलेली दिसली, बाकी तीन कोरडे वाटले. विकणारा म्हणतो सगळ्यांना थोडं तेल दिसतंच. पंधराशे कमी करायला तयार झालाय. शनिवारी परत बोलावलंय, गाडी लिफ्टवर घेऊ म्हणाला.

डॅम्परवाला
नुसतं धुकं बसल्यासारखं असेल तर चालतं, ओघळ असेल तर नाही. लिफ्टवर गेली की फडक्याने पूर्ण कोरडा पुस, अर्धा तास चालव, मग परत बघ. रबरी बूट वर सरकवून दांडा बघायला विसरू नकोस, आणि जोडीने बदलावे लागतात हे त्याला आठवण करून दे, म्हणजे मागचे दोन्ही. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे, पत्ता मेसेज कर.

एकदा_पोळलेला
पंधराशे नाही, अडीच हजार म्हण आणि गप्प बस. तो बोलेपर्यंत तू बोलू नकोस.