सिंहांचा कळप, टोळी की खटलं?

दापोली: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी गीरच्या सिंहांवर मजकूर करायचा आहे. गुरांचा कळप, माकडांची टोळी. मग सिंहांचं काय?

राजापूर: 'कळप' सर्रास छापतात, चूक नाही. पण कळप म्हटला की सगळी जनावरं एकत्र चरायला निघालेली दिसतात. सिंहांचं तसं नसतं. एकाच गटातल्या सिंहिणी दोघी-तिघी अशा पांगलेल्या असतात, पुन्हा भेटल्या की डोक्याला डोकं घासतात. 'टोळी' आपल्या कोळसुंद्यांना (रानकुत्र्यांना) शोभते, ते शिकारीला मिळूनच धावतात.

देवगड: मी 'खटलं' म्हणेन, मोठं एकत्र कुटुंब या अर्थी. आई, मुली, मावश्या हाच गाभा. बहुतेक मुली जन्मभर माहेरीच, सिंहिणीला सासर नाही! नर 2-3 वर्षांचे झाले की बाहेर पडतात आणि भाऊ-भाऊ मिळून दुसरं खटलं बळकावतात. तिथले लहान छावे ते बहुधा मारतात, कारण पाजती सिंहीण माजावर येत नाही. छावे गेले की लवकर येते. पुढे कोणी बलवान आले की यांचीही हकालपट्टी. तेव्हा 'राजा आणि त्याच्या राण्या' असलं काही लिहू नका. घर बायकांचं आहे.

राजापूर: 'खटलं' झकास, पण ते आफ्रिकेला जास्त लागू. गीरमध्ये नर आणि माद्या बहुतेक वेळ वेगळे राहतात. नरांची जोडी एकाहून जास्त गटांच्या हद्दीत फिरते. गाठ पडते ती माजाच्या वेळी, नाहीतर मोठ्या शिकारीवर. एका चितळावर किती जणांचं पोट भरणार? 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह भरले, तरी एकेक गट लहानच.

दापोली: आणि पिल्लू की छावा?

देवगड: छावा. (हत्तीच्या पिल्लालाही हाच शब्द.) फक्त 'कळपात जन्मलेला छावा' नको. सुमारे 110 दिवस भरले की सिंहीण एकटी झाडोऱ्यात जाऊन विते आणि पिल्लं 6-8 आठवडे लपवून ठेवते. मग गटात आणते. तिथे दुसऱ्या पाजत्या सिंहिणींच्या अंगालाही ती पितात.

राजापूर: 'वाघ-सिंहांचे कळप' असंही जोडून लिहू नका. कोकणात वाघ म्हटलं की बहुतेकदा बिबळ्याच, आणि तो एकटा. भित्तिपत्रकावरच्या फोटोत आयाळवाला नर आहे का? नसेल तर खाली सरळ 'सिंहिणी आणि त्यांचे छावे, गीर' एवढंच लिहा.