अनुभव धागा: कमी पैशात व्यायामाच्या कपड्यांची जाहिरात (खान्देशातल्या विक्रेत्यांनो, लिहा)

ट्रॅकपँट, ड्रायफिट टी-शर्ट, लेगिंग, जिमचे बिनबाह्यांचे बनियन. घरून किंवा छोट्या गाळ्यातून हा माल विकणारे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आता बरेच झालेत. माल सुरत, उल्हासनगर नाहीतर तिरुपूरहून येतो आणि सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मग गिऱ्हाइकाला आपलंच दुकान का आठवावं? पुण्या-मुंबईच्या अंदाजाने दिलेले सल्ले भरपूर मिळतात. मेहरूण तलावाभोवती पहाटे फिरणाऱ्या काकांना किंवा तळोद्याच्या कबड्डीपटूला काय पटतं, ते मात्र आपल्यालाच ठाऊक. पैसे कुठे घातले आणि हाती काय आलं, मोकळेपणाने लिहा. नव्या मंडळींनी विचारायला लाजू नये.

धुळे, छपाई आणि विक्री

आमची जाहिरात भरतीच्या मैदानावर होते. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे, त्यामुळे वर्दीची ओढ इथल्या पोरांना लहानपणापासून. पोलीस शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, राखीव दलासाठी ५ किलोमीटर. त्याची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे अंधारात मैदानावर हजर असतात, बरीचशी जुन्या सुती टी-शर्टवर. सुती कापड घाम पितं आणि जड होतं. पॉलिस्टरचं हलकं कापड लवकर वाळतं. हे तोंडाने सांगायची गरज पडत नाही, एकाने घालून धावलं की शेजारचा विचारतोच.

मी सरावाच्या एका गटाला पहिली खेप पडत्या भावात दिली, नफा ठेवला नाही. पाठीवर त्यांच्या गटाचं नाव मोठं, बाहीवर आमचं चिन्ह लहान. इथे बरेच जण उलटं करतात. पाठीवर दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर एवढा ठळक छापतात, की पोरगा तो टी-शर्ट फक्त घरात घालतो. त्याला स्वतःच्या गटाचा अभिमान मिरवायचा असतो, तो मिरवू द्या. नाव विचारत येणारे येतात.

छपाईबद्दल एक. सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात मुरवायची छपाई) फक्त पॉलिस्टरवर आणि फिक्या रंगावरच उठतं. काळा टी-शर्ट हवा असेल तर डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर दाबून चिकटवायची छपाई), पण छापा मोठा असला तर तेवढ्या जागेतून हवा जात नाही आणि पाठ उकळते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारा दुकानदार लक्षात राहतो.

भुसावळ, फक्त बायकांचे कपडे

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ताई-काकू चाळिशीच्या पुढच्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, साडीत जमत नाही, आणि घट्ट कपड्यांचा संकोच. कंपन्यांच्या फोटोतली सडपातळ मुलगी बघून त्या म्हणतात, "हे आपल्यासाठी नाही गं." म्हणून ते फोटो मी वापरतच नाही. माझ्या नणंदेने आणि शेजारच्या काकूंनी घातलेले फोटो टाकते, त्यांना विचारून, मानेपासून खालचे. मांडीपर्यंत येणारा लांब टी-शर्ट, खाली जाड कापडाची लेगिंग, खिसा दिसेल असा एक फोटो. खिशाबद्दल जेवढी विचारणा होते तेवढी रंगाबद्दलही होत नाही!

खर्च म्हणाल तर जवळजवळ नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पिशवी हातात देतानाच मी म्हणते, "काकू, नंबर सेव्ह करा, नवीन माप आलं की कळवते." समोरच करून घेते. भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५च्या आसपास. त्या दिवसांत दुपारी काही पाठवलं तर कोणी बघत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर पाठवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा त्या आईला सोबत घेऊन येतात. तो आठवडा माझा सगळ्यात चांगला.

शहादा, ऑनलाइन जाहिरात

इन्स्टाग्रामवर पैसे घालणाऱ्यांसाठी लिहितो. पोस्टखालचं बूस्ट बटण सोपं आहे, पण ॲड्स मॅनेजरमध्ये (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती चालवायचं साधन) जास्त गोष्टी आपल्या हातात राहतात. मी शहाद्याभोवती २५ किलोमीटरचं वर्तुळ ठेवतो, वय १८ ते ३५, आणि जाहिरात मेसेज मिळवण्यासाठी लावतो, म्हणजे दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं. नुसते लाइक गोळा करणाऱ्या जाहिरातीला आपल्यासारख्यांनी हात लावू नये. रोजचे २०० रुपये, तेही फक्त पगाराच्या आठवड्यात. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशोबात धरा. किंमत फोटोवरच लिहा, नाहीतर दिवसभर "प्राइस?" ला उत्तरं देत बसाल.

एका इन्स्टाग्रामवाल्याने दोन जोड कपडे फुकट नेले, मोठमोठी आश्वासनं दिली आणि एक स्टोरी टाकून गप्प झाला. हजारो फॉलोअर, पण निम्मे राज्याबाहेरचे. आता मी आधी त्याच्या फॉलोअरची शहरं दाखव म्हणतो. तो आकडा त्यांच्या मोबाईलमध्ये असतोच. दाखवायला कचरणाऱ्याला नमस्कार.

अमळनेर

शहाद्याच्या दादांशी सहमत. माझी भर एवढीच, की अहिराणीत बोला. आमच्या गावच्या कुस्तीगिराने टी-शर्ट ओढूनताणून दाखवला आणि म्हणाला, "दखा भाऊ, कितला हलका शे!" बस. ना संगीत, ना संपादन. तो व्हिडिओ पारोळा, धरणगावपर्यंत फिरला आणि सुरतेला कामाला गेलेल्या पोरांनी तिकडून मागवलं. आपली बोली कानावर पडली की माणूस अंगठा थांबवतो. ही ताकद कोणत्याही कंपनीकडे नाही.

चाळीसगाव

पेपरात पत्रकं टाकून पाहिली. विचारणा झाली ती शाळेच्या गणवेशाची. रिक्षाच्या मागच्या पडद्यावरचं फलक मात्र अजून कामाला येतंय. रिक्षावाल्या भाऊंना दरमहा थोडे पैसे आणि दिवाळीला ट्रॅकपँट. चौकात फ्लेक्स लावणार असाल तर नगरपालिकेची परवानगी घ्या, विनापरवाना लावलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो. गुगलवर दुकानाची नोंद फुकट होते, ती केली नसेल तर आजच करा.

रावेर (नवीन)

मी दिवाळीनंतर सुरू करतेय. गावातल्या कबड्डी मंडळाने जर्सी मागितली आहे, पूर्ण संघाची, फुकट. बदल्यात मैदानावर बॅनर. द्यावी का?

धुळे, छपाई आणि विक्री

ताई, पूर्ण फुकट देऊ नका. कापडाचा खर्च मंडळाने द्यावा, छपाई तुमच्याकडून. मंडळाने पैसे घातले की जर्सी जपून वापरली जाते, वर्षभर दिसते. बॅनरपेक्षा दुसरं मागा: बक्षीस समारंभाला तुमच्या कपड्यांचं एक टेबल मैदानाच्या फाटकाजवळ. आणि सगळी मापं घेऊन जा, विशेषतः डबल एक्सएल. कबड्डीच्या मैदानाभोवती माजी खेळाडूच जास्त असतात, आणि त्यांच्या मापाचं तालुक्यात सहसा मिळत नाही.