अँबेसेडर सिग्नलला तापते, हायवेवर नाही
प्रश्न: १४८९ सीसी पेट्रोल. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो, पळताना उतरतो. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका. काढू का?

उत्तर: नको दादा! तो काढला की इंजिन नीट तापत नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये मळी धरते. थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीला टांगून पाणी तापवा. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडायला हवा. पळताना काटा उतरतो म्हणजे उभं असताना रेडिएटरला हवा कमी पडतेय. फॅनबेल्ट (पंखा फिरवणारा पट्टा) अंगठ्याने दाबला की साधारण १२ मिमी दबला पाहिजे. रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने पाणी मारून धुवा, किडे-माती पुढून बाहेर पडेल.

उत्तर: टायमिंगही बघा. स्पार्क उशिरा पडला तरी गाडी तापते, आणि नेमकं तेच कोणी तपासत नाही.

उत्तर: रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालंय का? प्रेशर टिकलं नाही तर पाणी लवकर उकळतं. गरम असताना उघडू नका.